गृहस्वामी आणि गॅसचा बॉयलर : ब्रिटिश कायद्यातील ‘सक्षमता’ या अटीचा अर्थ

१. प्रश्नाचे स्वरूप

आपल्या घरातील किरकोळ दुरुस्ती आपल्याच हाताने करण्याची चाल ब्रिटनमध्ये सर्वत्र रूढ आहे. भिंतींना रंग देणे, फळ्या ठोकणे, गळक्या नळाचा वायसर बदलणे ही कामे तेथील गृहस्थ कारागिराची वाट न पाहता उरकतो, आणि कायदाही त्याच्या वाटेस सहसा जात नाही. गॅसवर चालणाऱ्या बॉयलरचा प्रश्न आला की मात्र परस्परविरोधी अशी दोन मते ऐकू येतात. नोंदणीकृत कारागिरावाचून अन्य कोणी बॉयलरला हात लावणे हा गुन्हाच होय, असे एक मत. घर स्वतःचे आणि कामाचा मोबदला कोणी घेत नाही, तेव्हा कायद्याचा येथे संबंधच पोचत नाही, असे दुसरे. विनियमांची शब्दरचना बारकाईने पाहिली असता ही दोन्ही मते टिकत नाहीत. कायद्याने गृहस्वामीवर नोंदणीची सक्ती केलेली नाही. पण त्याला मोकळेही सोडलेले नाही. त्याच्यावर घातलेली अट एका शब्दात सांगता येते, आणि तो शब्द म्हणजे ‘सक्षम’. या शब्दाचा अर्थ काय, तो कोण ठरवतो आणि केव्हा ठरवतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभी दोन शब्दांचा खुलासा आवश्यक आहे. ‘बॉयलर’ म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे साखर कारखान्यातील वा गिरणीतील वाफेचे यंत्र उभे राहते. १९२३ चा भारतीय बॉयलर अधिनियम आणि त्याच्या जागी आलेला २०२५ चा अधिनियम हे दोन्ही दाबाखाली वाफ निर्माण करणाऱ्या पात्रांविषयीच आहेत. ब्रिटिश घरातील बॉयलर सामान्यतः वाफ करीत नाही. नैसर्गिक गॅस जाळून पाणी तापवणे, ते नळ्यांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत खेळवणे आणि न्हाणीघराला ऊन पाणी पुरवणे, एवढेच त्याचे काम. या दृष्टीने तो आपल्याकडील बंबाच्या जातीचा आहे. फरक इतकाच, की बंबातील जाळ डोळ्यांना दिसतो आणि त्याचा धूर नाकाला झोंबतो. गॅस-बॉयलरचे ज्वलन बंद पेटीत चालते आणि ते बिघडल्यास निर्माण होणारा विषारी वायू इंद्रियांना मुळीच जाणवत नाही.

दुसरा खुलासा असा, की मराठी बोलण्यात ‘घरमालक’ म्हणजे भाडे घेणारा मालक. हा शब्द पुढे त्याच अर्थाने योजला असून स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्यास ‘गृहस्वामी’ म्हटले आहे. कायद्याच्या दृष्टीने या दोघांच्या स्थितीत महत्त्वाचा भेद आहे, हे पुढे दिसून येईल.

२. ऐतिहासिक पूर्वपीठिका

१६ मे १९६८ रोजी पहाटे पूर्व लंडनमधील ‘रोनन पॉइंट’ या बावीस मजली इमारतीच्या अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता. पण त्याने भार पेलणाऱ्या भिंतीचे फलक बाहेर ढकलले गेले, आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळून चौघे मृत्युमुखी पडले. शेगडीच्या जोडणीतील पितळी नट निकृष्ट होता व तो तुटल्याने गॅस गळला, असे ह्यू ग्रिफिथ्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत ठरले. स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थी ही घटना इमारतींच्या रचनेच्या संदर्भात अभ्यासतात. विधीच्या अभ्यासकाने तीतून घेण्याजोगा बोध निराळा आहे. एका कुटुंबाच्या स्वयंपाकघरातील एका जोडणीचा दोष हा त्या कुटुंबापुरता खाजगी राहत नाही.

त्याच सुमारास, म्हणजे १९६७ ते १९७७ या काळात, कोळशापासून केलेल्या गॅसऐवजी उत्तर समुद्रातील नैसर्गिक गॅस घरोघर पोचवण्याचे काम ब्रिटनमध्ये चालू होते. १९७० साली गॅस-कारागिरांच्या ऐच्छिक नोंदणीसाठी ‘कॉर्गी’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली. १९७२ साली गॅस सुरक्षा विनियम झाले. १९७४ च्या ‘हेल्थ अँड सेफ्टी ॲट वर्क’ अधिनियमाने औद्योगिक सुरक्षेच्या सर्व कायद्यांना एक समान पाया दिला. १९८४ आणि १९९४ साली गॅस-उपकरणांची बसवणी व वापर यांविषयी नवे विनियम झाले. मध्यंतरी १९९१ साली व्यवसाय म्हणून गॅसचे काम करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. आज लागू असलेले विनियम १९९८ चे असून ते ३१ ऑक्टोबर १९९८ पासून अमलात आले. नोंदणीचे काम १ एप्रिल २००९ पासून ‘कॉर्गी’कडून ‘गॅस सेफ रजिस्टर’कडे गेले. हे विनियम इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड यांना लागू आहेत. उत्तर आयर्लंडसाठी २००४ चे स्वतंत्र विनियम आहेत.

येथे एक शंका उद्भवते. १९७४ चा अधिनियम मूलतः ‘कामावरील’ सुरक्षेचा. जो माणूस सुटीच्या दिवशी स्वतःच्या घरात स्वतःसाठी पाना फिरवतो, तो या अर्थाने कामावर नसतो. मग त्या अधिनियमाखाली केलेले विनियम त्याला कसे लागू व्हावेत? या शंकेचे उत्तर १९९२ च्या ‘ऑफशोअर सेफ्टी’ अधिनियमात सापडते. नावावरून केवळ समुद्रातील तेलविहिरींशी संबंधित वाटणाऱ्या या कायद्याने १९७४ च्या अधिनियमाच्या पहिल्या भागाचे हेतू विस्तृत केले, आणि गॅसचे वहन, वितरण, पुरवठा व वापर यांपासून उद्भवणाऱ्या आग, स्फोट, इजा इत्यादी धोक्यांपासून जनतेचे रक्षण हा हेतू त्यांत समाविष्ट केला. त्यामुळे गॅसच्या बाबतीत कायद्याची दृष्टी कामगारापुरती मर्यादित न राहता घरातील माणसापर्यंत पोचली.

३. विनियम ३ : दोन निराळ्या कसोट्या

१९९८ च्या विनियमांपैकी तिसरा विनियम या विषयाचा गाभा होय. त्याच्या पहिल्या परिच्छेदाचा आशय असा : गॅस-साधनावर कोणतेही काम करणारी व्यक्ती ते काम करण्यास सक्षम असल्याखेरीज तिने ते करू नये. येथे कर्ता ‘कोणतीही व्यक्ती’ हा आहे. कारागीर, नोकर, मालक, शेजारी, जावई असा भेद त्यात केलेला नाही.

तिसऱ्या परिच्छेदाचा कर्ता मात्र वेगळा आहे. कोणत्याही मालकाने आपल्या नोकराकडून असे काम करवून घेऊ नये आणि कोणत्याही स्वयंरोजगारी व्यक्तीने ते करू नये, जर तो मालक वा ती व्यक्ती ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ने मान्य केलेल्या वर्गाची सदस्य नसेल. हा मान्य वर्ग म्हणजेच सांप्रत ‘गॅस सेफ रजिस्टर’वरील नोंदणीकृत व्यवसाय. नोंदणीची सक्ती आहे ती या परिच्छेदाने, आणि ती दोन प्रकारच्या व्यक्तींवरच आहे : नोकर ठेवणारा आणि स्वयंरोजगारी.

‘स्वयंरोजगारी’ कोणास म्हणावे हे १९७४ च्या अधिनियमातच सांगितले आहे. नोकरीच्या करारावाचून लाभासाठी वा मोबदल्यासाठी काम करणारी व्यक्ती ती स्वयंरोजगारी. स्वतःच्या घराचा बॉयलर स्वतः दुरुस्त करणारा गृहस्वामी कोणाकडून मोबदला घेत नाही. म्हणून तो तिसऱ्या परिच्छेदाच्या कक्षेत येत नाही. परंतु पहिल्या परिच्छेदाच्या कक्षेतून तो सुटत नाही.

या भेदाचे परिणाम उदाहरणांनी स्पष्ट होतील. एखाद्या गृहस्थाने स्नेह्याच्या घरी जाऊन, एक पैसाही न घेता, बॉयलरचा गॅस-झडप बदलला, तर त्याच्याकडे नोंदणी नाही एवढ्यावरून गुन्हा होत नाही. तो सक्षम नव्हता असे दिसल्यास मात्र होतो. त्याच गृहस्थाने या कामाचे पैसे घेतले, तर तो कितीही निष्णात असला तरी नोंदणीच्या अभावी गुन्हेगार ठरतो. ‘लाभ वा मोबदला’ हे शब्द व्यापक असल्याने रोख रकमेऐवजी वस्तू वा सेवा घेतली म्हणून सुटका होईल असे समजणे धोक्याचे आहे. शिवाय नोंदणी नसताना ती असल्याची खोटी बतावणी करणे हाही याच विनियमाखाली स्वतंत्र अपराध आहे.

उलट बाजूनेही हा भेद लक्षात घ्यावा लागतो. नोंदणी म्हणजे सर्वंकष सक्षमता नव्हे. नोंदणीकृत कारागिराच्या ओळखपत्रावर तो कोणत्या प्रकारच्या कामांसाठी पात्र आहे हे नमूद केलेले असते, आणि या पात्रतेची परीक्षा साधारणपणे दर पाच वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. जो घरगुती शेगडीपुरता पात्र आहे त्याने बॉयलर उघडला, तर नोंदणी असूनही पहिल्या परिच्छेदाचा भंग होऊ शकतो. सारांश, नोंदणी हा व्यक्तीच्या दर्जाचा प्रश्न आहे, तर सक्षमता हा प्रत्येक कामागणिक नव्याने उद्भवणारा प्रश्न आहे.

४. ‘काम’ कशास म्हणावे

सक्षमतेची अट ‘कामा’ला आहे, तेव्हा कामाची व्याख्या पाहणे क्रमप्राप्त ठरते. दुसऱ्या विनियमानुसार साधन बसवणे वा पुन्हा जोडणे, त्याची देखभाल, कायम स्वरूपाची जुळवाजुळव, दुरुस्ती, बदल किंवा नूतनीकरण करणे, ते तोडणे, त्यातील हवा वा गॅस काढून टाकणे, सहज न हलणाऱ्या साधनाची जागा बदलणे आणि ते काढून टाकणे ही सर्व ‘कामे’ होत. ही कामे करणारी व्यक्ती नोकर असो वा नसो, असे व्याख्येतच म्हटले आहे. यातून एकच अपवाद स्पष्टपणे काढला आहे : आपोआप बंद होणारी खटक्याची जोडणी लावणे वा काढणे. त्यामुळे स्वच्छतेसाठी शेगडी पुढे ओढून तिची अशी नळी सोडवणारी गृहिणी ‘काम’ करीत नाही.

बॉयलरच्या बाबतीत या व्याख्येमुळे एकाच यंत्राचे दोन भाग पडतात. रेडिएटरमधील कोंडलेली हवा सोडणे, पाण्याचा दाब उतरल्यास ठरलेल्या तोटीने तो पुन्हा वाढवणे, घड्याळाची वेळ लावणे, रेडिएटर बदलणे ही कामे पाण्याच्या वा नियंत्रणाच्या बाजूची आहेत. त्यांत गॅस वाहून नेणाऱ्या भागाला वा ज्वलनाला स्पर्श होत नाही. गृहस्वामीने ती केल्यास गॅस-विनियमांचा प्रश्न येत नाही. गॅसची नळी, झडप, बर्नर, धूर बाहेर नेणारी नळी व ज्वलनासाठी हवा आणणारा मार्ग ही मात्र दुसरी बाजू.

या दोन बाजूंची सीमा नेहमी दिसते तेथेच असते असे नाही. आधुनिक बॉयलर बहुधा ‘खोलीपासून विलग’ अशा रचनेचे असतात. ते ज्वलनासाठी लागणारी हवा घराबाहेरून घेतात व धूर बाहेरच सोडतात. यांपैकी अनेकांत बाहेरचा पत्रा म्हणजे केवळ शोभेचे झाकण नसून ज्वलनकक्षाच्या बंदिस्तपणाचाच एक भाग असतो. असा पत्रा काढून परत बसवताना त्याची रबरी पट्टी जागची हलली, तर धूर खोलीत येऊ शकतो. म्हणून असे आवरण उघडणे हेही गॅसचे काम समजले जाते. केवळ आत डोकावून पाहावे या हेतूने चार स्क्रू काढणाऱ्या गृहस्वामीस आपण सीमा ओलांडली याची जाणीवही नसते. अशा गृहस्वामीच्या हाती कौशल्य असू शकते; आपल्या कृतीने यंत्राच्या कोणत्या गुणधर्मात फरक पडला याचे ज्ञान त्याला असते की नाही, हा खरा प्रश्न होय.

५. सक्षमता : ज्ञान, कौशल्य आणि मापन

विनियमांत ‘सक्षम’ या शब्दाची व्याख्या दिलेली नाही. ती उणीव एक्झिक्युटिव्हने प्रसिद्ध केलेल्या मान्य आचारसंहितेने भरून काढली आहे. तिची पाचवी आवृत्ती २०१८ ची आहे. ज्ञान, प्रत्यक्ष कौशल्य व अनुभव यांचा संयोग आणि कामाच्या व्याप्तीशी जुळणारे शिक्षण, ही सक्षमतेची अंगे तीत मानलेली आहेत.

ही आचारसंहिता स्वतः कायदा नाही. पण तिला १९७४ च्या अधिनियमाने विशेष स्थान दिले आहे. फौजदारी खटल्यात आचारसंहितेतील संबंधित तरतूद पाळली गेली नाही असे सिद्ध झाले, तर विनियमाचा भंग झाला असे धरले जाते. अन्य मार्गाने विनियमाचे पालन झाले होते हे न्यायालयाला पटल्यासच आरोपी सुटतो. म्हणजे ज्याने मान्य शिक्षण घेतले नाही, त्याला आपण तरीही सक्षम होतो हे व्यवहारतः स्वतःच दाखवून द्यावे लागते.

हे दाखवणे किती अवघड आहे हे कळण्यासाठी काम संपल्यानंतर काय करावे लागते ते पाहावे. सव्विसाव्या विनियमाच्या नवव्या परिच्छेदानुसार गॅस-उपकरणावर काम करणाऱ्याने लगेच चार गोष्टी तपासावयाच्या असतात : धूरनळीची परिणामकारकता, ज्वलनासाठी हवेचा पुरवठा, गॅसचा कार्यदाब किंवा उष्णतेचा भार (जरूर तेथे दोन्ही), आणि उपकरण सुरक्षितपणे चालते की नाही. ही तपासणी गृहस्वामीलाही चुकत नाही. नळीच्या जोडणीला हात लागला असेल, तर गळतीची चाचणीही करावी लागते.

या अटींमागील शास्त्र थोडक्यात असे. ब्रिटिश घरांत गॅस सुमारे २१ मिलिबार इतक्या अल्प दाबाने येतो. त्यातील फरक हाताने वा डोळ्याने कळत नाही, त्यासाठी दाबमापक लागतो. नैसर्गिक गॅसमधील मुख्य घटक मिथेन; हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असताना मिश्रण स्फोटक बनते. गळती झाल्यास मिसळलेल्या गंधद्रव्यामुळे ती निदान नाकाला कळते. अपुऱ्या ज्वलनाची गोष्ट तशी नाही. हवा कमी पडली किंवा गॅस प्रमाणाबाहेर सुटला की मिथेनमधील कार्बनचे पूर्ण ज्वलन न होता कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी संयोग पावण्याची त्याची प्रवृत्ती ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक असल्याने अल्प प्रमाणातही तो घातक ठरतो. आणि डोकेदुखी, मळमळ, ग्लानी ही आरंभीची लक्षणे साध्या आजारासारखीच असतात. धुरातील त्याचे प्रमाण मोजण्यासाठी धूर-विश्लेषक यंत्र लागते, आणि ते वेळोवेळी प्रमाणित केलेले असावे लागते.

यावरून सक्षमतेच्या कल्पनेतील खरा भर कोठे आहे हे लक्षात येते. बॉयलर पेटला आणि पाणी तापले, एवढ्याने काम नीट झाले असे म्हणता येत नाही. कारण धोकादायक रीतीने जळणारा बॉयलरही पाणी तापवतोच. आपले काम सुरक्षित झाले हे मोजून ठरवण्याची पात्रता हा सक्षमतेचा अविभाज्य भाग आहे, आणि सामान्य गृहस्वामी अडतो तो बहुधा येथेच.

६. इमारतविषयक विनियमांचे बंधन

गॅस-विनियमांच्या जोडीला इंग्लंडमध्ये २०१० चे इमारत विनियम लागू होतात. नवा बॉयलर बसवणे वा जुना बदलणे हे त्यांच्या दृष्टीने ‘इमारतकाम’ असून ते स्थानिक संस्थेच्या इमारत-नियंत्रण विभागास कळवावे लागते. नोंदणीकृत कारागिराला यातून सूट आहे. तो काम पुरे झाल्यावर आपल्या योजनेमार्फत सूचना देतो, आणि गृहस्वामीस तीस दिवसांच्या आत प्रमाणपत्र मिळते. गृहस्वामीने स्वतः बॉयलर बसवावयाचा ठरवल्यास ही सूट मिळत नाही. त्याला आगाऊ सूचना द्यावी लागते, शुल्क भरावे लागते आणि काम तपासून घ्यावे लागते.

परिणामी एक चमत्कारिक स्थिती उद्भवते. अस्तित्वात असलेल्या बॉयलरची साधी दुरुस्ती सामान्यतः कळवावी लागत नाही. म्हणून बसवणीपेक्षा दुरुस्तीच्या बाबतीत गृहस्वामी अधिक मोकळा असतो. धोक्याच्या दृष्टीने पाहता बर्नर वा गॅस-झडप यांची दुरुस्ती ही बसवणीहून कमी नाजूक नसते. सूचनेची पद्धत इमारतीतील बदल डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे, ज्वलनातील धोका डोळ्यांसमोर ठेवून नव्हे; म्हणून हे असे होते.

प्रमाणपत्राचा अभाव पुढे घर विकताना जाणवतो. खरेदीदाराचा वकील बॉयलरचा दाखला मागतो. तो नसल्यास व्यवहार अडतो किंवा किंमत उतरते. बॉयलर बनवणाऱ्या कंपनीची हमीही बहुधा नोंदणीकृत कारागिराने केलेल्या बसवणीवर अवलंबून असते. शिक्षेची भीती ज्यास वाटत नाही त्याला या व्यावहारिक अडचणी आवरतात.

७. घरमालकाची निराळी स्थिती

तेच घर भाड्याने दिले की कायद्याची भूमिका पालटते. छत्तिसाव्या विनियमानुसार घरमालकाने भाडेकरूच्या वापरातील गॅस-उपकरणे व धूरनळ्या सुरक्षित स्थितीत ठेवल्या पाहिजेत, त्यांची सामान्यतः दर बारा महिन्यांत तपासणी करविली पाहिजे, आणि तिची नोंद भाडेकरूस दिली पाहिजे. ही तपासणी मान्य वर्गातील, म्हणजे नोंदणीकृत, व्यक्तीनेच करावयाची असते. घरमालक स्वतः कितीही जाणकार असला तरी नोंदणीवाचून त्याला ती करता येत नाही.

हा भेद सयुक्तिक आहे. गृहस्वामी चुकला तर चुकीचे पहिले फळ त्यालाच भोगावे लागते. भाडेकरूला मात्र दुसऱ्याने राखलेल्या यंत्रावर विसंबून झोपावे लागते, आणि त्या यंत्रावर त्याचा ताबा नसतो. म्हणून त्याच्या बाबतीत कायद्याने सक्षमतेच्या लवचीक कसोटीवर न थांबता नोंदणीची निश्चित कसोटी लावली आहे. परंतु हाच युक्तिवाद पुढे नेला तर गृहस्वामीच्या घरातील मुले, म्हातारी माणसे, रात्रीपुरता आलेला पाहुणा आणि सामाईक भिंतीपलीकडचा शेजारी यांची स्थिती भाडेकरूहून फारशी वेगळी नाही, हेही मान्य करावे लागते.

८. भंगाचे परिणाम

विनियमांचा भंग हा १९७४ च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे. २००८ साली झालेल्या दुरुस्ती-अधिनियमानंतर वरिष्ठ न्यायालयात अपराध शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, अमर्याद दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मृत्यू घडल्यास प्रश्न विनियमांपुरता उरत नाही. ‘अडोमाको’ खटल्यात १९९४ साली लॉर्ड सभेने घोर निष्काळजीपणामुळे घडणाऱ्या मनुष्यवधाची जी कसोटी सांगितली, तिच्या कक्षेत असा गृहस्वामीही येऊ शकतो.

दिवाणी दायित्वाच्या बाबतीत १९५८ चा ‘वेल्स विरुद्ध कूपर’ हा अपील न्यायालयाचा निर्णय मार्गदर्शक आहे. एका गृहस्थाने मागील दाराची मूठ स्वतः बसवली होती. घरी माल पोचवण्यास आलेल्या माणसाने वारा जोराचा असल्याने दार ओढून घेतले. मूठ निखळून हातात आली आणि तो खाली पडून जखमी झाला. न्यायालयाने असे ठरवले की, या गृहस्थाकडून अपेक्षित कौशल्य हे असे किरकोळ काम करणाऱ्या वाजवी कुशल सुताराचे होय; धंदेवाईक सुतारावर करारामुळे येणाऱ्या जबाबदारीची पातळी त्याला लावता येणार नाही. तेवढे कौशल्य त्याने दाखवले होते, म्हणून तो दायी ठरला नाही. मात्र त्याच निर्णयात आणखी एक विचार मांडलेला आहे. काही कामांना इतके विशेष ज्ञान लागते आणि ती चुकल्यास इतका गंभीर धोका संभवतो, की तज्ज्ञास न बोलावता ती स्वतः अंगावर घेणे हाच दक्षतेच्या कर्तव्याचा भंग ठरावा. दाराची मूठ आणि गॅसचा बॉयलर यांमधील अंतर या विचाराने नेमके मोजले जाते. बॉयलरच्या बाबतीत काम कसे केले एवढेच न्यायालय पाहणार नाही. ते अंगावर घ्यावयास हवे होते काय, असेही विचारील.

इंग्लंड व वेल्स यांना लागू असलेल्या १९७२ च्या ‘डिफेक्टिव्ह प्रिमायसेस’ अधिनियमाने यात भर घातली आहे. इमारतीत दुरुस्ती वा देखभालीचे काम करणाऱ्यावर असलेले दक्षतेचे कर्तव्य ती इमारत नंतर विकल्याने नष्ट होत नाही. आज केलेल्या जोडणीची जबाबदारी घर दुसऱ्याच्या नावावर गेल्यावरही गृहस्वामीचा पाठपुरावा करू शकते.

गुन्हा वा नुकसान घडण्याची वाट न पाहता कायदा आणखी एक उपाय देतो. १९९६ च्या प्रवेशाधिकार-विनियमांनुसार गॅस-वाहक कंपनीचा अधिकृत अधिकारी धोक्याचा संशय आल्यास घरात प्रवेश करून तपासणी करू शकतो व पुरवठा तोडू शकतो. चौतिसाव्या विनियमाने तर स्वतः गृहस्वामीवरच बंधन घातले आहे : उपकरण धोकादायक आहे असे माहीत असताना, किंवा तसा संशय घेण्यास जागा असताना, त्याने ते वापरू नये वा वापरू देऊ नये.

९. मूल्यमापन

दर्जाची कसोटी व सक्षमतेची कसोटी यांची तुलना करण्यास शेजारच्या आयर्लंड प्रजासत्ताकाचे उदाहरण उपयोगी आहे. तेथे २००६ च्या अधिनियमाच्या आधारे २००९ पासून घरगुती गॅसचे काम नोंदणीकृत कारागिरानेच करावे असा नियम आहे. त्याचा गुण निश्चितता हा होय. काम सुरू करण्यापूर्वीच ते कायदेशीर की बेकायदा हे प्रत्येकाला कळते, आणि अंमलबजावणी करणाऱ्यास केवळ नोंद तपासावी लागते. त्याचा दोष असा, की ज्ञानी पण नोंदणी नसलेला मनुष्य आणि केवळ अडाणी मनुष्य यांना तो एकाच पंक्तीत बसवतो.

ब्रिटिश पद्धतीत हा दोष नाही. आयुष्यभर गॅसचे काम करून निवृत्त झालेल्या कारागिराने नोंदणी संपल्यावर स्वतःच्या घरचा बॉयलर दुरुस्त केला, तर कायदा त्याला केवळ कागदाच्या अभावी गुन्हेगार ठरवत नाही. पण या न्याय्यतेची किंमत अनिश्चिततेच्या रूपाने द्यावी लागते. गृहस्वामी सक्षम होता काय हा प्रश्न व्यवहारतः अपघात झाल्यावर किंवा तपासणीत दोष आढळल्यावरच विचारला जातो. तोवर तो स्वतःच स्वतःचा परीक्षक असतो. आणि ज्याला आपल्या अज्ञानाची कल्पना नाही तोच स्वतःस उत्तीर्ण करून घेण्याचा संभव अधिक. नोंदणीच्या पद्धतीत परीक्षा कामाच्या आधी होते, सक्षमतेच्या पद्धतीत ती कामाच्या नंतर होते. गॅसच्या बाबतीत नंतर होणाऱ्या परीक्षेची किंमत कधी कधी फार मोठी असते.

तरीही ब्रिटिश कायद्याने गृहस्वामीस दिलेली मोकळीक जितकी दिसते तितकी विस्तृत नाही, हे वरील विवेचनावरून ध्यानात येईल. नोंदणीची अट त्याला नाही. पण सक्षमतेची आहे, कामानंतरच्या मापनाची आहे, बसवणीच्या वेळी सूचनेची आहे, आणि ज्याच्यावर परिणाम होईल त्याच्याविषयीच्या दक्षतेची आहे. या सर्व अटी पुऱ्या करणारा गृहस्वामी हा जवळजवळ नोंदणीकृत कारागिराच्या तोडीचाच असला पाहिजे. म्हणून ‘माझ्या बॉयलरचे काम मी स्वतः करू शकतो काय?’ या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर सरसकट ‘नाही’ असे देता येत नाही आणि ‘होय’ असेही देता येत नाही. काम संपल्यावर ते सुरक्षित झाले हे ज्याला मोजून दाखवता येते, त्याला कायदा अडवीत नाही. ज्याला ते दाखवता येत नाही, त्याला घर स्वतःचे असल्याचा आधार मिळत नाही.